दोन हजाराचं डिझेल: कोरेगाव तालुक्यातल्या एका भाजीच्या गाडीचं प्रकरण

हे बहुतेक २०२१ आणि २०२२ मधलं आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, ज्यांची गाडी आहे त्यांना आपण दादा म्हणू. मी गावातल्या शेतकरी गटाचा हिशेब लिहितो, त्यामुळं जवळजवळ सगळं माझ्या डोळ्यासमोर घडलंय, आणि आकडे माझ्या वहीतले आहेत. दादांना विचारूनच लिहितोय.

पार्श्वभूमी

दादांकडं एक पिकअप आहे, कर्जावर घेतलेली, महिन्याला १४,४०० हप्ता. गावातल्या १४-१५ शेतकऱ्यांचा माल ते रात्री भरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेतात. वांगी, दोडका, टोमॅटो, घेवडा, थोडी मेथी कोथिंबीर. गावापासून यार्ड एका बाजूनं १३० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन २६०, आणि भरलेल्या गाडीला ॲव्हरेज १२ चं पडतं, म्हणजे एका खेपेला साधारण २२ लिटर डिझेल. आठवड्याला चार खेपा, महिन्याला सोळा. भाडं कॅरेटला ८० रुपये, आणि गाडीत सरासरी ५५ कॅरेट. भाडं पट्टीतनंच, म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीतनंच कापलं जातं, व्यापारी ते दादांच्या हातात देतो आणि उरलेलं शेतकऱ्याचं.

८० चा हा दर ठरला तेव्हा, म्हणजे २०२१ च्या सुरवातीला, डिझेल पण ८० च्या आसपासच होतं. त्यावेळचा हिशेब असा होता, डिझेल १,७६०, आनेवाडी आणि खेड शिवापूरचा टोल मिळून साधारण ४५०, गाडीवर सोबतीला असणाऱ्या जोडीदाराचे ४००, चहा नाष्टा १५०, टायर आणि ऑइलसाठी धरायला पाहिजेत ते ३००, हप्त्याचे ९००. झाले ३,९६०. भाड्याचे ४,४०० आणि परतीला शिरवळ नाहीतर पुण्याहून काही माल मिळाला तर त्याचे सरासरी ४००. म्हणजे खेपेला ८४०, महिन्याला १३ हजाराच्या वर. त्यात रात्रीची झोप धरलेली नाही, ते सोडा.

घरी वहिनी, म्हातारे वडील, आणि अकरावीला साताऱ्यात जाणारी मुलगी.

अडचण कशी वाढत गेली

डिझेलचे भाव १६ जून २०१७ पासून देशभर रोज बदलायला लागले हे सगळ्यांना माहितीय, पण रोज बदलणारी गोष्ट माणूस रोज बघत नाही. २०२१ मध्ये तसंच झालं. पैशा पैशानं वाढत वाढत ऑक्टोबरला डिझेल आमच्याकडं शंभरी ओलांडून १०४ च्या घरात गेलं. यात कच्च्या तेलाचा भाव आहेच, पण करही आहे, केंद्रानं मे २०२० मध्ये डिझेलवर लिटरला १३ रुपये आणि पेट्रोलवर १० रुपये कर वाढवला होता तेव्हा कच्चं तेल स्वस्त होतं म्हणून पंपावर कुणाला कळलं नाही, आणि नंतर तेल वर गेलं तेव्हा तो कर आधीच बसलेला होता. त्यावर राज्याचा व्हॅट टक्क्यात असतो, मुंबई पट्टा सोडून बाकी महाराष्ट्रात तेव्हा डिझेलवर २१ टक्के, म्हणजे मूळ दर वाढला की व्हॅट पण आपोआप वाढतो.

इथं पहिला निर्णयाचा क्षण होता आणि दादांनी भाडं वाढवलं नाही. कारण साधं होतं, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शेतकऱ्यांनी टोमॅटो बांधावर टाकलेला त्यांनी बघितला होता. "आत्ता कुठं लोकं सावरायल्यात, आत्ता भाडं वाढवलं तर तोंड कसं दाखवू," असं म्हणले. आणि ४ नोव्हेंबरला केंद्रानं डिझेलवरचा कर १० रुपयांनी कमी केला, व्हॅट धरून १२ च्या आसपास उतरलं, दर ९३ वर आला. दादांना वाटलं आपण थांबलो ते बरं केलं. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ९३ म्हणजे ८० नव्हे. खेपेला २८६ रुपये अजूनही जास्तीच जात होते आणि उतरल्याच्या आनंदात ते कुणी मोजलेच नाहीत.

मग जवळजवळ साडेचार महिने दर हालला नाही. २२ मार्च २०२२ पासून परत सुरू झालं, बहुतेक रोज ८० पैसे, सोळा दिवसांत चौदा वेळा, मिळून लिटरला १० रुपये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. दादा पंपावर कधीच लिटर सांगत नाहीत. "दोन हजाराचं टाक," हे वर्षानुवर्षाचं वाक्य. डिझेल ८० होतं तेव्हा दोन हजारात २५ लिटर यायचं, खेप होऊन तीन लिटर उरायचं. ९३ ला साडेएकवीस, म्हणजे जेमतेम. आणि १०२-१०३ ला साडेएकोणीस. खर्चाच्या वहीत मात्र प्रत्येक खेपेला तोच आकडा, डिझेल २,०००. वही बघून कुणालाही वाटेल की खर्च वाढलाच नाही. वाढत नव्हता तो खर्च, कमी होत होतं ते टाकीतलं डिझेल, आणि काटा बिघडलेला असल्यामुळं ते पण दिसत नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबारा एकला दादांचा फोन आला, क्षेत्र माहुलीचा पूल ओलांडून पुढं गाडी बंद पडली होती. मी मोटरसायकलवर पाच लिटरचा कॅन घेऊन गेलो. कडक ऊन, गाडी रिकामी, मागं नुसती कॅरेटं एकात एक घातलेली, आणि दादा चाकाला टेकून बसलेले. डिझेल ओतलं पण गाडी उठेना, टाकी पूर्ण कोरडी झाल्यामुळं एअर धरली होती. साताऱ्याहून मिस्त्री बोलावला, त्यानं एअर काढली, ५०० घेतले. तो काम करत असताना मी मागचं चाक बघितलं तर टायरवर नक्षीच उरली नव्हती. म्हणलं दादा हे काय. तर म्हणले, "दोन महिने झालं बदलायचं म्हणतोय, जमंना."

दोन टायरचे १४ हजार लागणार होते आणि त्यासाठी बाजूला काहीच नव्हतं. त्या दिवशी रस्त्याच्या कडेलाच मी कॅनच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. १०३ च्या दरानं खेपेला हातात ३३४ राहत होते, महिन्याचे ५,३०० च्या आसपास. दादा म्हणले छे, मला दहा हजार तरी राहतात. ते दहा हजार खरे होते, पण त्यातले जवळजवळ पाच हजार टायरचे होते. दादा टायर खाऊन घर चालवत होते.

घरातली बाजू

गाडीचा हिशेब एकीकडं आणि घराचा एकीकडं. २२ मार्चलाच घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढून साडेनऊशेच्या वर गेला होता, मे मध्ये हजार झाला. युक्रेनच्या युद्धामुळं सूर्यफूल तेल भडकलं, त्याच्या मागं सोयाबीन तेल. वहिनींनी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून घासला आणि अंघोळीचं पाणी परत त्याच्यावर सुरू केलं. काट्याकुट्या, तुरकाट्या शेतातनं येतात म्हणून बरं.

मुलीचं अजून वेगळंच. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, पण त्या वर्षी नोव्हेंबरपासून एसटीचा संप, तो एप्रिलपर्यंत चालला. मोफत पास पिशवीत आणि पोरगी वडापच्या, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी जीपमध्ये. वडापवाल्यानं जानेवारीत एकदा आणि मार्चअखेर एकदा सीटमागं पाच पाच रुपये वाढवले. किराणा दुकानदारानं पण "माल आणायचं भाडं वाढलंय" म्हणून पोत्यामागं लावलेच. गाडी बंद पडली त्या रात्री वहिनी मला म्हणल्या, "भावजी, सगळ्यांनी भाडं वाढवलं, आमच्या घरातल्या माणसानंच तेवढं वाढवलं न्हाई."

या वाक्यानं बैठक बोलवायचं ठरलं.

कोणते पर्याय होते

गटाची बैठक मारुतीच्या देवळात, ११-१२ जण. दादांना सरळ ८० चे १०० करायचे होते. आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं. टोमॅटोचं कॅरेट २२ किलोचं, बाजार ८ रुपये किलो लागला तर कॅरेटचे १७६. त्यात ८० भाडं, वर हमाली. १०० केलं तर उरणार काय? भाजीची गोष्टच अशी आहे की जीपवाला वाढलेलं डिझेल प्रवाशावर टाकतो, दुकानदार गिऱ्हाईकावर टाकतो, दादा शेतकऱ्यावर टाकणार, पण शेतकरी कुणावर टाकणार? यार्डात त्याच्या मालाचा भाव आवकेवर ठरतो, डिझेल काय भावानं आलं हे तिथं कुणी विचारत नाही. शहरात भाजी महाग होते ती वेगळी, त्यातलं इकडं काय येतं हे पट्टी बघितली की कळतं.

दुसरा पर्याय पुणं सोडून साताऱ्यातच माल द्यायचा. डिझेल वाचतं, टोल वाचतो, पण तेवढा माल तिथं रोज उचलला जात नाही आणि दोनचार गाड्या जास्त आल्या की भाव बसतो. यावर फार बोलणं झालं नाही.

सीएनजीचा विषय एका तरुण पोरानं काढला. राज्यानं १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरनं ३ टक्क्यांवर आणला होता, त्यामुळं चर्चा जोरात होती. पण जुनं कर्ज अंगावर असताना नवी गाडी कशी घेणार, आणि व्हॅट कमी होऊन पंधरा दिवस व्हायच्या आत पुण्यात सीएनजी दोनदा वाढलाच. ते तिथंच सोडलं.

चौथा पर्याय खेपा कमी करून गाडी पूर्ण भरायची. यात खरा दम होता, कारण वहीत बघितलं तर ६५ कॅरेट बसणाऱ्या गाडीत काही खेपांना ४८ कॅरेटच गेली होती. डिझेल मात्र तेवढंच.

आणि पाचवा, भाडं डिझेलला बांधायचं.

काय केलं

मी फळ्यावर सगळा खर्च लिहिला, हप्त्यासकट. दादांना ते आवडलं नाही, आपल्या घरातलं चारचौघात कशाला. पण लिहिल्याशिवाय कुणाचा विश्वास बसणार नव्हता. आणि लिहिल्यावर एक गोष्ट अशी निघाली जी दादांच्या विरोधात जाणारी होती. डिझेल १ रुपयानं वाढलं की खेपेला २२ रुपये वाढतात, ५५ कॅरेटवर वाटले तर कॅरेटला ४० पैसे. ८० वरनं १०३ म्हणजे २३ रुपये वाढ, म्हणजे कॅरेटमागं ९ रुपये सव्वा नऊ रुपये. दादा मागत होते २०. लगेच एकजण म्हणला, "मग वरचं अकरा कशाचं?"

तिथं बैठक फिसकटायला आली होती. दादा उठून चालले पण होते. एका वयस्कर नानांनी हात धरून बसवलं आणि मला म्हणले टायरचं पण लिही. टायर लिहिला, टोलचं लिहिलं (तो दरवर्षी १ एप्रिलला बदलतो), आणि मग लोकांना कळलं की डिझेल हे निमित्त आहे, त्याच्याआड बाकीचा खर्च सव्वा वर्ष दबून राहिलाय. शेवटी डिझेलचे ९ आणि टायर टोलचे ३ असं १२ वाढवून भाडं ९२ ठरलं. टायरचे खेपेला ३०० वेगळ्या डब्यात, तो डबा माझ्याकडं. खेपा चारवरनं तीन, शनिवार सोमवार बुधवार रात्री. आणि नियम असा की दर महिन्याच्या १ तारखेला पंपाची पावती बघायची, १०३ पासून डिझेल पूर्ण ५ रुपये वर गेलं तर कॅरेटला २ रुपये वाढ, पूर्ण ५ खाली आलं तर २ रुपये कमी. दोन्हीकडनं. हे "दोन्हीकडनं" नानांनी दोनदा म्हणून घेतलं आणि वहीत सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

पंपावर दादा तेव्हापासून "बावीस लिटर" सांगतात. काटा पण दुरुस्त केला.

पुढं काय झालं

दोन शेतकरी सोडून गेले, शेजारच्या गावातली गाडी ८५ ला नेत होती. तसे आठवड्याचे २२० कॅरेट होते ते १९५ च्या आसपास आले, पण तेच १९५ आता तीन खेपांत भरत होते. हप्ता बारा खेपांवर वाटला तरी महिन्याला दादांच्या हातात १८-१९ हजार पडायला लागले, टायरचे वेगळे काढून. म्हणजे भाडं वाढल्यापेक्षा गाडीतली मोकळी जागा भरल्याचा फायदा मोठा निघाला, आणि हे आम्हाला २०२१ लाच करता आलं असतं, डिझेल १०३ व्हायची वाट बघायची गरज नव्हती.

खरी परीक्षा जूनला झाली. २१ मे ला केंद्रानं परत कर कमी केला, डिझेल ९६ वर आलं. १ जूनला नियमाप्रमाणं ९२ चे ९० करायचे. दुसऱ्या गाडीवाल्यांनी कुणीच कमी केलं नव्हतं आणि दादांना चार जणांनी सांगितलं, कुणी मागत नाही तर कशाला उतरवतो. महिन्याचे दीड हजार जाणार होते, पोरीच्या बारावीच्या क्लासची फी भरायची होती. दादा माझ्याकडं येऊन बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणले, "लिही नव्वद." जुलैला राज्यानं व्हॅटमध्ये डिझेलला ३ रुपये कमी केले, दर ९३ झाला, १ ऑगस्टला भाडं ८८. सोडून गेलेल्यांपैकी एकजण दिवाळीच्या आधी परत आला. त्याला ८५ वाली गाडी एव्हाना ९५ घेत होती.

माझ्या मते सगळ्या प्रकरणात "लिही नव्वद" हाच मोठा निर्णय होता. वाढ मागणं सोपं असतं, कारण तेव्हा पंपाचा बोर्ड आपल्या बाजूनं बोलतो. बोर्ड उलटा बोलायला लागल्यावर ऐकणं अवघड.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे ऑक्टोबर २०२१ ला गप्प बसणं. दादांनी ते चांगुलपणानं केलं, पण त्या चांगुलपणाची किंमत टायरनं दिली, आणि घासलेल्या टायरवर रात्री हायवेला जोडीदाराचा पण जीव होता. तेव्हाच फळा मांडला असता तर ९-१० रुपयांच्या वाढीत भागलं असतं, लोकांनी हसत दिले असते. एकदम २० मागितल्यावर भांडण होणारच. यात चूक माझी पण आहे, वही माझ्याकडं होती आणि मी महिनोनमहिने "डिझेल २,०००" लिहित राहिलो, लिटर कधी विचारले नाहीत. आता लिटर, दर आणि किलोमीटर असे तीन रकाने आहेत.

दुसरं, नियम फक्त डिझेलचा केला, टोलचा आणि जोडीदाराच्या पगाराचा केला नाही. १५ मार्च २०२४ ला डिझेल देशभर २ रुपयांनी उतरलं तेव्हा काहीजण म्हणले कमी करा. नियमात पूर्ण ५ बसत नव्हते म्हणून केलं नाही, पण त्याचवेळी जोडीदार ४०० चे ५०० मागत होता आणि त्याचं उत्तर वहीत कुठंच नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट आक्कांची, जी मला सगळ्यात जास्त लागते. आक्का म्हणजे गावातल्या एकट्या बाई, दहा गुंठ्यात मेथी, कोथिंबीर, कधी शेपू. खेपेला दोन कॅरेट, कधी एकच. चार खेपा होत्या तेव्हा त्यांचा माल काढला की त्याच रात्री जायचा. तीन झाल्यावर मधला दिवस मोकळा पडायला लागला, वांगं दोडका थांबतो पण मेथी थांबत नाही, दुसऱ्या दिवशी जुडीची पानं पिवळी पडून गळतात. बैठकीला त्या आल्या नव्हत्या, कुणी बोलवलं पण नव्हतं, दोन कॅरेटवाल्याला कोण बोलवतं. आम्ही फळ्यावर सगळ्यांचे खर्च मांडले आणि ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होणार त्यांचं नावच त्यावर नव्हतं.

नंतर त्यांचा भाचा मोटरसायकलवर साताऱ्याला मेथी न्यायला लागला. जाऊन येऊन ४५ किलोमीटर, लिटरभर पेट्रोल, ते तेव्हा १०६ च्या पुढं. शंभर जुड्यांचे कधी ६०० आले तर कधी ३५०. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही पालेभाजीसाठी एक सोय केली, की बुधवारच्या खेपेत टपावर ताडपत्रीखाली ओल्या बारदानात सहा कॅरेटांची जागा पालेभाजीला राखीव, आणि भाडं अर्ध्या कॅरेटचं पण घ्यायचं. आक्कांनी सहा महिने माल दिला. त्यानंतर गुडघ्यानं जमेना म्हणून मेथी बंद केली, आता त्या रानात भाच्यानं ऊस लावलाय.